न सांगता भरलेले हात

हात हातात घेतला की मी माप सांगते, बाईनं तोंड उघडायच्या आत. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. अंगठ्याच्या बुडाशी दाबायचं, हाड किती आत जातं ते बघायचं, की झालं. बेळगावजवळ पिरनवाडीला माझं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही मणेर. आजा, पणजा, त्यांच्या बायका, सगळ्यांनी हेच केलं. मराठ्यांच्या, जैनांच्या, लिंगायतांच्या, मुसलमानांच्या बायकांचे हात आमच्या हातांतून गेले. नवरी कुठल्याही घरातली असो, चुडा भरून झाला की ती वाकून माझ्या पाया पडते आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवते. ती कपाळभर कुंकू लावते, मी बुरखा घालते. त्यानं आमचं दोघींचं कधी काही अडलेलं नाही.

घरात आम्ही दख्खनी बोलतो. पण मी शिकले निपाणीच्या मराठी शाळेत, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ताईत बांधत नाही. दर्ग्याच्या उरुसाला जाते ती तिथं दुकान मांडायला. पण गेली अठ्ठावीस वर्षं असं होतं, की एखाद्या नवरीचा हात भरत असते, तीन-चार बांगड्या चढलेल्या असतात, आणि मधेच माझ्या मुठीत दुसराच हात असतो. मी चेहरे विसरते, हात विसरत नाही. हा हात लहान आहे, हाडं रुंद, तळवा खरखरीत. त्याला तंबाखूचा वास येतो. समोरच्या पोरीनं सकाळीच उटणं लावलेलं असतं, आणि मला तंबाखूचा वास येतो.

मी पुढची बांगडी उचलते.

निपाणीत आमचं घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. अम्मा खेड्यांतून फिरायची. बांगड्यांच्या माळा एका जाड चादरीत बांधलेल्या, ते बोचकं डोक्यावर. माझं लग्न झालं तरी नवरा तेव्हा निपाणीतच कामाला होता, म्हणून मी तिच्याबरोबर धंद्याला जायचे. तिची एक सवय होती. कुणाच्याही घरी बसली की बोचक्याच्या गाठीवर पालथा हात ठेवायची आणि विचारायची, "निमित्त काय?" कुणी म्हणायचं लग्न, कुणी डोहाळजेवण, कुणी ईद, कुणी दिवाळी. कुणी म्हणायचं, "निमित्त कशाला लागतंय? हात मोकळं दिसाय लागलं." ते ऐकून झालं की मग गाठ सोडायची. मला वाटायचं, धंद्यातल्या चार गोड गोष्टी. गिऱ्हाइकाला बोलतं केलं की ते दोन डझन जास्त घेतं.

त्या दिवशी अम्मा तापानं झोपून होती. सकाळी एका मुलीकडून निरोप आला, पलीकडच्या गल्लीतल्या चाचीनं हिरव्या बांगड्या घेऊन बोलावलंय. चाची आमच्या ओळखीची. तिची सून वखारीत तंबाखू निवडायला जायची. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं, जांबोटीकडची पोर, विशीतली. मुलगा ट्रकवर होता. त्याला अपघात झाला होता आणि चार दिवस तो बेळगावच्या दवाखान्यात होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मी गेले. चाची चुलीपाशी होती. तोंड न वळवता म्हणाली, "आत बस. तिचं हात भर. आज घरी आणत्यात त्याला."

मला बरं वाटलं. मी आत गेले, बोचकं खाली ठेवलं आणि गाठ सोडली. गाठीवर हात ठेवला नाही. विचारायचं काय त्यात? निमित्त तर तिनंच सांगितलं होतं.

पोर माझ्यासमोर येऊन बसली. मी तिचा हात घेतला. तंबाखूनं बोटं तांबूस झालेली, साबणानं न निघणारी. माप दोन-चार. मी साबण लावून अंगठा दाबायला लागले तशी ती हसायला लागली.

"हळू की गं. हात हाय, कणीक न्हाय."

"कणीक बरी, ती दाबली तर ऐकती तरी."

"कितीक भरणार?"

"डझन-डझन."

"आई गं! वखारीत मुकादम वरडंल. तुकडं मालात पडत्यात म्हणतो."

"मग चार दिवस जाऊ नको वखारीत," मी म्हणाले. "नवरा येतोय न्हवं?"

हे मी म्हणाले. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

"व्हय, येऊ दे की," ती म्हणाली. "आल्या आल्या म्हणंल, मी तिकडं मरायला टेकलतो आन् ही हिकडं नटत बसली."

दोघी हसलो. एक बांगडी पिचली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी वाढली म्हणाले, तुकडे बाजूला ठेवले, दुसरी घातली. चाचीनं चहा आणून ठेवला. बशीत चहा सांडला होता. मी ते बघितलं. मला वाटलं, चार दिवसांचं जागरण.

दुसऱ्या हातात शेवटची बांगडी चढवत होते, तेव्हा बाहेर गाडी थांबली. पुरुषांचा आवाज आला. सगळे एका सुरात कलमा म्हणत होते. कलमा म्हणत गाडीतून कुणाला आणतात, हे त्या पोरीलाही कळत होतं आणि मलाही.

ती उठली. आतल्या उंबऱ्यापर्यंतच गेली. चाची चुलीपासून आली, तिनं पोरीची दोन्ही मनगटं एकत्र धरली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटली. एकदा, दोनदा. चोवीस बांगड्यांचा आवाज एका वेळी होतो तेव्हा तो किणकिण नसतो. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा असतो. उजव्या मनगटाला, अंगठ्याच्या बाजूला, खोल कापलं. रक्त आलं.

आणि ती दाराकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "तुला ठावं हुतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायका मधे आल्या. रडण्याचा कल्लोळ झाला. कुणीतरी माझ्या माळा चादरीत गोळा केल्या, बोचकं माझ्या हातात दिलं आणि म्हटलं, "तू जा आता."

मी गेले.

अम्मा गोधडीत होती. मी सगळं सांगितलं. तिनं फक्त एवढं विचारलं, "गाठ सोडायच्या आधी निमित्त विचारलंस?"

"चाचीनं सांगितलं की, घरी आणत्यात त्याला."

"तू विचारलंस काय?"

"न्हाय."

ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग तशीच बोलायला लागली. म्हणाली, असं बोलावणं तिला कितीतरी वेळा आलं होतं. नवरा गेलेला असतो, बाईला सांगितलेलं नसतं. शेतात, वखारीत राबणाऱ्या बायकांच्या हातात बांगड्या नसतात. मग घरच्यांना वाटतं, मोकळे हात कसे फोडायचे? आधी भरायचे, मग फोडायचे. हिंदूंच्यात करतात, जैनांच्यात करतात, तसं आपल्यातही करतात. "मोकळ्या हातावर दुःख दिसत न्हाय लोकास्नी," ती म्हणाली.

"आन् तू भरलीस?"

"भरली."

"जाणूनबुजून?"

"जाणून भरायचं म्हणून तर विचारते मी. निमित्त विचारलं की सांगणाऱ्याचं तोंड बघायचं. कळतं. मग पहिली बांगडी घालताना तिच्या कानाशी वाकायचं आन् सांगायचं. बाई, तुझा माणूस गेला. ह्या फोडायला भरतेय. मग ती हात देती न्हाय तर काढून घेती. काढून घेतला तर आपण गाठ बांधायची आन् उठायचं. घरातलं सगळं खोटं बोलत असतात तवा मणेरणीनं तरी खरं सांगावं. एवढंच आपल्या हातात असतं."

"मला कधी सांगितलं न्हाईस तू."

"तुला कोण बोलावंल असं वाटलं न्हवतं," अम्मा म्हणाली.

आमच्या गल्लीत मुलींना कुराण शिकवणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना उस्तानी म्हणायचे. मी त्यांना जाऊन विचारलं, हे फोडणं कुठं लिहिलंय? त्या म्हणाल्या, "कुठंच न्हाय. चार महिने दहा दिवस इद्दत. घरात राहायचं, नटायचं न्हाय, दुसऱ्या लग्नाची बोलणी करायची न्हाईत. दागिने असतील ते उतरवून ठेवायचे. फोडायला कुणी सांगितलंय?"

"मग तुम्ही सांगत का नाही लोकांना?"

"सांगते की. ऐकून घेतात, मान डोलावतात, आन् मग तुझ्या आईला बोलावतात."

त्या पोरीच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती आमच्यापासून एका गल्लीवर होती. इद्दतीतल्या बाईला बायका भेटू शकतात. मला कुणी अडवलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. जायचं, समोर बसायचं, म्हणायचं, मला ठावं नव्हतं. मी रोज उद्या जाऊ म्हणाले. त्या गल्लीतनं जायचं टाळायला लांबच्या वाटेनं बाजाराला जायचे. इद्दत संपली आणि तिचे माहेरचे येऊन तिला घेऊन गेले. त्या दिवशीच्या माळेतल्या उरलेल्या बांगड्या मी पुढं विकून टाकल्या. कुणाच्या हातात गेल्या माहीत नाही.

मग आम्ही पिरनवाडीला आलो, दुकान टाकलं, मुलं मोठी झाली, अम्मा गेली. धंदा चांगला चालतो. आता पुष्कळ मुली नकाब घेतात, हातमोजेही घालतात. दुकानात येऊन हातमोजे काढतात तेव्हा मला त्यांचा फक्त हात दिसतो. मी उजवं मनगट बघते, अंगठ्याच्या बाजूला. सवयच लागलीय. व्रण नसला की माप सांगते.

गेल्या वर्षी एका सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेव्हा निपाणीहून फुफीचा फोन आला. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या घरात आहे. तरुणपणीच तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच, आमच्या निपाणीच्या घरात. तिथं माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहायचे.

"तुझा भाऊ गेला," ती म्हणाली. "कोल्हापुराला माल आणाय गेलता. छातीत कळ आली. दवाखान्यात नेईस्तवर संपलं. दुपारपतोर आणत्यात."

मी स्टुलावर बसले.

"ऐकतीस न्हवं? हिला सांगितलं न्हाय अजून. तुझ्या भावजयीला. आयशीयूत हाय म्हणून सांगितलंय. तू पण काय बोलू नगो. आन् येताना हिरव्या बांगड्या घेऊन ये. तिचं हात मोकळं हाईत."

भाभी निपाणीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथं काचेच्या बांगड्या चालत नाहीत. ईदला मी तिला भरायचे आणि चौथ्या दिवशी ती उतरवून ठेवायची, एकही न वाढू देता. तिचं माप दोन-सहा. मी रॅकवरून दोन डझन हिरव्या काढल्या, कागदात गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या. हे करताना माझं डोकं चालत नव्हतं. हात चालत होते.

बेळगाव स्टँडवरून निपाणीची बस मिळाली. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर खेळवलेलं. पण मी त्याच्यासाठी बसमध्ये रडले नाही. पिशवी मांडीवर होती आणि गाडी आदळली की आत काच वाजत होती. शेजारची बाई म्हणाली, "लग्न हाय वाटतं घरात?"

"व्हय," मी म्हणाले.

आणि मग मला तंबाखूचा वास आला. बस महामार्गावर होती, खिडक्या बंद होत्या, कुणी खात नव्हतं, ओढत नव्हतं. माझ्या मुठीत पिशवीचे बंद होते आणि ते बंद नव्हते, लहानसं, रुंद हाडांचं मनगट होतं. संकेश्वर गेलं तरी सुटलं नाही. मी डोळे मिटले नाहीत. सरळ समोर ड्रायव्हरच्या आरशात बघत राहिले.

घरात सात-आठ बायका जमल्या होत्या. सगळ्या भाभीभोवती बसलेल्या. ती मधे, भिंतीला टेकून, पांढऱ्या युनिफॉर्मवर दुपट्टा घेतलेला. ड्यूटीवरून आणली होती तशीच. कुणी सांगत होतं, आता हार्टचं काय वाटत नाही, लगेच बरं होतं. कुणी सांगत होतं, आमच्या जावयाला दोन वेळा आला, आता मोटारसायकल चालवतो. भाभी मान हलवत होती.

फुफीनं मला दाराशीच गाठलं. "आणल्यास?"

"आणल्यात."

"मग भर लौकर. गाडी निघालीया तिकडनं."

मी भाभीसमोर बसले. तिनं दोन्ही हात पुढं केले, लहान मूल करतं तसे. मी पिशवी मांडीवर घेतली आणि माझा पालथा हात पिशवीच्या तोंडावर ठेवला. मागं वळून मोठ्यानं विचारलं, "फुफी, निमित्त काय?"

बायकांनी माना वळवल्या.

"निमित्त काय म्हंजे?" फुफी म्हणाली. "शहाणी हाईस. भर म्हटलं की भरायचं."

मी भाभीच्या कानाशी वाकले. इतकी वर्षं दुसऱ्या कुणासाठी तयार ठेवलेलं बोलणं होतं ते, आणि त्यात आता माझा भाऊ होता. मी म्हणाले, "भाभी, तो गेला. ह्या फोडायला आणल्यात."

ती माझ्या कानात म्हणाली, "माहितेय, आपा. सकाळी चार्जिंगला लावते म्हणून एकीनं माझा फोन काढून घेतला, तेव्हाच कळलं. मी रोज हेच करते लोकांच्या घरच्यांना. पेशंट आयशीयूत आहे म्हणून सांगते." मग म्हणाली, "सकाळपासून बघत बसलेय, ह्यातली एक तरी सांगते का."

मग तिनं हात मागं घेतले आणि दुपट्ट्यात गुंडाळले. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "मला बांगड्या नकोत. इद्दत बसेन. काचा नकोत." आणि मग ती रडायला लागली, सकाळपासून अडवून धरलेलं एकदम सुटावं तशी.

बायका माझ्यावर उठल्या. कुणी म्हणालं, "सख्खी नणंद आन् हिला धीर न्हाय." कुणी म्हणालं, "बेळगावला राहून लई शिकली." फुफीनं माझा दंड धरला. ऐंशी वर्षांची बाई, पण पकड अजून आहे.

"मोकळ्या हातानं मातीला बघणार व्हय ती? गल्ली काय म्हणंल?"

"आपल्या धर्मात, दीनात न्हाय ते, फुफी."

"दीन मला शिकवतीस? माझ्या फोडल्या न्हवं? तुझ्या आईनंच भरलत्या. तिनं भरल्या, सासूनं फोडल्या. मी बोलले काय?"

मी पिशवी धरून उभी होते. म्हणाले, "अम्मानं सांगून भरल्या का न सांगता?"

फुफीचा हात माझ्या दंडावर तसाच होता. मी तो धरला. कित्येक वर्षांत त्या हातात काच गेली नव्हती. माप दोन-चार. मला न विचारताही कळलं.

"सांगितलं," फुफी म्हणाली. "घर भरून बायका हुत्या. तिनं एकटीनं सांगितलं." आणि मग, कुणाकडंच न बघता, "मी तरीबी हात दिला."

ती भाभीशेजारी जाऊन बसली. पुढं कुणी बांगड्यांचं नाव काढलं नाही. भावाला आणलं, गुस्लची आंघोळ झाली, जनाजा निघाला. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. आम्ही दारातनं बघितलं. पिशवी माझ्याच हातात होती. कुठं ठेवावी कळत नव्हतं.

भाभी इद्दत बसली. चाळिसावा झाल्यावर दवाखान्यातून विचारणा आली, येणार की दुसरी ठेवू? घर तिच्याच पगारावर राहिलं होतं. मी तिला घेऊन नव्या उस्तानीकडं गेले. त्या तिच्यापेक्षा लहान, कॉलेज शिकलेल्या. त्या म्हणाल्या, गरज असेल तर दिवसा कामाला जाता येतं, रात्र आपल्या घरात काढायची. एवढं साधं होतं. गल्लीनं महिनाभर तोंडं वाकडी केली. फुफीनं मात्र भाभीचा डबा भरून दिला आणि दारात उभं राहून बोलणाऱ्यांकडं अशी बघायची, की दुसऱ्यांदा कुणी बोललं नाही.

मला वाटलं होतं, आता तो हात येणार नाही. भाभीला सांगितलं, म्हणजे फिटलं. तसं काही नसतं. एकीला सांगितलेलं दुसरीला पोचत नाही. पुढच्याच लग्नसराईत, सांबऱ्याच्या एका नवरीला भरताना, चौथ्या बांगडीला तो आला. माझा हात थांबला. नवरीची आई म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणाले, हात मऊ पडू दे जरा.

त्या आठवड्यात मी भाभीला फोन करून सांगितलं, चाचीच्या गल्लीत कुणाला तरी विचार, त्या पोरीचं माहेर नेमकं कुठलं. चाची कधीच वारली होती. पण शेजारणीला गाव आठवत होतं.

जांबोटीला बस थोड्या. उतरून पुढं तासभर चालले. भाताची खाचरं, मग रान, मग दहा-बारा घरं. त्यातली दोन आमच्या लोकांची. एका घरापुढं एक म्हातारी गाईला वैरण घालत होती. हात बघितले आणि कळलं. लहान, हाडं रुंद. ही आई.

मी सलाम केला. म्हणाले, "निपाणीहून आलेय. तुमच्या लेकीच्या ओळखीची."

"ती न्हाय हितं. गोव्याकडं दिलीया. दुसरं लगीन करून दिलं. पोरं मोठी झाली तिची."

"बरी आहे ना?"

"बरी हाय की." म्हातारी मला न्याहाळत होती. "तू कोण म्हणायची?"

"मणेरीण."

तिनं हातातली वैरण टाकली आणि दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. म्हणाली, "कुणाचं काय झालं?"

"कुणाचं काही झालं नाही, मावशी."

"मग कशाला आलीस? खरं सांग. जावयाचं काय झालं? तिनं काय सांगाय धाडलंय तुला?"

मी माझे हात पुढं केले, उलटे-सुलटे करून दाखवले. रिकामे. पिशवी नाही, बोचकं नाही. "बघा. काही आणलं नाही. कुणाला काही झालं नाही. मी सहज आलेय." तरी ती पदरातले हात काढेना. तिनं मुलाला हाक मारली, तो घरात नव्हता. मला म्हणाली, जावयाला फोन लाव. नंबर तिनं दारावर खडूनं लिहून ठेवला होता. मी लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "हां, कोण?"

तोच. जाड झालेला, पण तोच. मागं कुकरची शिट्टी वाजत होती.

"आई हाय," मी म्हणाले आणि फोन म्हातारीच्या कानाला लावला.

"जावई कुठं हायत?" म्हातारी ओरडली. "समोर हायत? बघ नीट. समोर हायत न्हवं?" मग ती अंगणातच खाली बसली. मी वाकून फोन तिच्या कानालाच धरला होता. "काय न्हाय गं. एक मणेरीण आलीया निपाणीची. म्हणून जीव घाबरला."

मग म्हातारीनं कान फोनपासून बाजूला घेतला. "घे. ती म्हणती, दे तिला."

मी फोन कानाला लावला. कुकर बंद झाला होता. ती तिथं होती. श्वास ऐकू येत होता.

"मला ठावं नव्हतं," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला नाही. मी उभी राहिले. गाईनं वैरण ओढायला सुरुवात केली. म्हातारीनं एक हात पदरातून बाहेर काढला होता. मग तिकडून आवाज आला, "मी काच घालत न्हाय आता," आणि फोन बंद झाला.

शेवटची बस गाठायची होती. मी चालायला लागले.